काका उतरले आणि दारं बंद झाली

साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला की मला इस्लामपूरचा रस्ता आठवतो. मी तेव्हा शाळेत शिकत होतो. वडिलांनी दारं आणि काचा बटणावर चालणारी जुनी गाडी घेतली होती. त्या दिवशी वडील, धाकटे काका आणि मी तिच्यातून जात असताना ती उसाच्या बैलगाडीला धडकली आणि एक बैल पाय मोडून कोसळला. "तू बस दादा, मी बोलतो," म्हणत धाकटे काका उतरले, आणि त्यांच्या मागे चारही दारं आपोआप लॉक झाली. "माझा बैल मारलासा की रं," म्हणत गाडीवानाने काकांना काठी हाणली, मग मागच्या बैलगाड्यांवरचे बाकीचेही तुटून पडले. वडील बटण दाबत होते, नखं तुटेपर्यंत लॉकची खुंटी ओढत होते, पण एकही दार उघडेना की काच खाली होईना. शेवटी लाथांनी काच फोडून ते रक्ताळलेले बाहेर पडले आणि काकांच्या अंगावर आडवे झाले. तोवर काकांचा हात मोडला होता. दवाखान्यात वडील म्हणाले, "लॉक अडकलं होतं रे." काका भिंतीकडे बघत म्हणाले, "मी उतरल्यावरच अडकलं." खुंटी ओढणारी वडिलांची ती बोटं मी मागच्या सीटवरून पाहिली होती, पुढे काकांना हे कितीदा सांगितलं. ते नुसती मान हलवायचे. गेल्या वर्षी काका वारले. तोवर आमच्याकडे ते नेमाने येत राहिले, पण एसटीनेच.