साळूबाईचं वय

मिरजगावच्या अलीकडच्या त्या खेड्यात चर्चला सुरुवातीला घंटा नव्हतीच. लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे. तो हातोड्याने बडवला की मंडळी भक्तीला यायची आणि कुत्री पळायची. खरी घंटा पुढे विलायतेहून आली, नगरपासून बैलगाडीत बसून. तिच्यासोबत मिशनच्या साहेबांनी एक रीतही आणली. मंडळीतलं माणूस गेलं की त्याच्या वयाइतके टोले द्यायचे. रीत चांगली, पण इथे स्वतःचं वय ठाऊक होतं कुणाला?

घंटेचं काम सहादेवाकडे आलं तेव्हा तो विशीत होता, आणि हट्टी होता. कुणी गेलं की तो आधी त्यांच्या दारात जाऊन बसायचा. मानमोडीच्या साथीच्या साली रांगत होता की चालत होता? प्लेगाआधी लग्न झालं होतं का? रडणाऱ्या माणसांना असलं विचारायला छाती लागते, ती त्याला होती. एकदा छगन म्हणाला, "बापाचे सत्तर दे, शोभतील." सहादेवाने एकसष्टच दिले. छगन वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. पण गावाचा विश्वास बसला तो त्यामुळेच. शिवारात खुरपणाऱ्या बाया हात थांबवून टोले मोजत आणि कोण गेलं ते बसल्या जागी ओळखत.

१९४६च्या दिवाळीनंतर सहादेवाची आई साळूबाई तापाने गेली, आणि इथे गाडं अडलं. १९०० साली, संवत छप्पनच्या दुष्काळात, ती एकटीच भटकत खडी फोडायच्या सरकारी कामावर आली होती. तिथून मिशनने तिला आश्रमात नेलं. चर्चच्या वहीत तिच्या नावापुढे एवढंच होतं: 'दुष्काळातली मुलगी. वय ठाऊक नाही.' तिला विचारलं तर ती म्हणायची, "मला काय ठावं? भूक लागली हुती, तेवढं ठावं."

चर्चचे पाळक सूर्यभान म्हणाले, "पन्नास दे सहादेवा. खरं काय ते देवाला माहीत आहे."

"दुसऱ्याच्या बापाला खोटं दिलं न्हाई," सहादेव म्हणाला, "मग आईला कसं देऊ?"

त्याने शेहेचाळीस दिले, दुष्काळापासूनचे. तेवढ्यालाच साक्ष होती. पण दोर सोडला तेव्हा त्याला चोरासारखं झालं. जिने पोटाला चिमटा घेऊन वाढवलं तिलाच आपण कमी दिलं, हे त्याला खात राहिलं.

तिसऱ्या दिवशी इमामबी जामखेडहून परतली. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. ती साळूबाईची सगळ्यात जुनी मैत्रीण, खडीच्या कामापासूनची. ती पोटभर रडली, डोळे पुसले आणि विचारलं, "किती वाजवले?"

त्याने सांगितलं. इमामबी भडकलीच.

"मला इचारायचं न्हाई व्हय रं? तुझी आई आली तवा तिचे म्होरचे दोन दात पडल्याले हुते. नवे यायचे हुते. आमी तिला बोळकी म्हनायचो. फुटाने वाटले की तिला चावायचे न्हाईत, मी दगडानं फोडून द्यायची. पोरीचे दात कवा पडत्यात, तूच सांग."

"सहाव्या वर्षी," सहादेव म्हणाला आणि तसाच अनवाणी उठून चर्चकडे चालू लागला.

भर दुपारी सहा टोले पडले आणि घंटा थांबली. शिवारात बायांनी ते मोजले. सहा म्हणजे पोर. खुरपी टाकून साऱ्याजणी गावाकडे धावल्या, ज्याच्या त्याच्या दारात पोरांची मोजदाद सुरू झाली. म्हातारी छबूबाई सगळ्यांच्या आधी धापा टाकत चर्चपाशी पोचली. तिची सहा वर्षांची नात सकाळपासून तिला दिसली नव्हती.

"कुनाचं लेकरू गेलं रं, सहादेवा?"

सहादेवाच्या हातात अजून दोर होता.

"गावातलं कुनीच न्हाई, छबूमावशे," तो म्हणाला. "माझी आई लहान हुती, तवाचे राहिले हुते."

छबूबाईने डोक्यावर पदर घेतला आणि तिथेच पायरीवर बसली.