बाईसाचा भाव

जयपूर गुलाबी आहे असं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं, त्याला माझ्या दुकानात आठवडाभर बसवायला पाहिजे. मी साताऱ्यात चादरी आणि रजया विकते. रंग मला कळतो. तो गेरू आहे. दुर्गापुऱ्याहून झोटवाड्याला जाताना रिक्षावाल्याला मी तसं स्पष्ट सांगितलं, तर गुलाबी दाखवायचा म्हणून त्यानं लांबून, जुन्या शहरातून नेलं आणि वर त्या फेऱ्याचे जास्तीचे पैसे मागितले. गेरूचे पैसे मी देत नाही म्हणाले, आणि उतरले.

आले होते रजयांसाठी. आमच्याकडच्या एका मोठ्या लग्नात पाहुण्यांना जयपुरी रजया द्यायच्या होत्या. ती ऑर्डर मी समोरच्या दुकानदाराच्या तोंडातून ओढून आणली होती, तीही भाव आधीच सांगून. झोटवाड्याचा कारखानदार फोनवर रजईला चारशे म्हणाला होता. त्याच्या वर तो गेला असता तर मला पदरचे घालावे लागले असते, आणि समोरचा दुकानाबाहेर खुर्ची टाकून हसला असता.

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. छतापर्यंत रजया, आणि मागच्या दारात उन्हाला बसलेली मालकाची म्हातारी आई. मी चपला काढतेय तोच मालक हात जोडून पुढे आला.

"पधारो बाईसा, पधारो!"

बाई! आता हे सांगायलाच हवं. दुकान काढण्याआधी मी लोकांच्या घरी पोळ्या लाटत होते. बेल वाजवली की आतून पोर ओरडायचं, "आई, बाई आली!" इतकी वर्षं लाटल्या, पण मला नाव आहे हे त्या घरांना कधी कळलं नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

"बाई किसको बोला?" मी विचारलं.

"जी, आपको, बाईसा."

"फिर बोला! मैं क्या तुम्हारे घर का भांडी घासने को आई है? मॅडम बोलो!"

माणूस पांढरा पडला. गादीवर बसवणार होता, त्याऐवजी प्लॅस्टिकची खुर्ची आली. पाणी ट्रेमधून आलं. मी पायावर पाय टाकून बसले. छान वाटलं.

"साढ़े पाँच सौ, मॅडमजी," तो म्हणाला.

"फोन पे चार सौ बोला था!"

"वो तो घर का भाव था. मॅडम लोगों का यही है."

मी तणतणत बाहेर आले आणि मावसबहिणीला फोन लावला. तिचा नवरा बँकेत, बदलीवर इथं आलेला. तिच्याचकडे मी उतरले होते. ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

"अगं ताई, मतलब, बाईसा म्हणजे घरची लाडकी लेक! राजघराण्यातल्या मुलींना म्हणतात. आणि तू मॅडम मागून घेतलंस?"

"भांडून," मी म्हणाले.

परत आत गेले. खुर्ची बाजूला सारून गादीवर बसले.

"मेरेको बाईसा बोलो."

"अब कैसे बोलें, मॅडमजी? आपने मना किया."

"मना वापस लिया."

"दीदी बोल देता हूँ," तो विचार करून म्हणाला. "पाँच सौ."

नात्यांना भाव असतात हे मला त्या दिवशी कळलं. पण भाव म्हटला की मी घासाघीस करणारच.

"बहनजी?"

"पौने पाँच सौ."

"बुआजी?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "बुआजी जँचेगा," तो म्हणाला. "साढ़े चार सौ."

शंभर रुपये उतरले होते, पण आत्या म्हणून ते 'जँचेगा' मला झोंबलं. "नहीं! सिर्फ बाईसा!"

"वो इज्जत तो आपने लौटा दी."

मग माझा तोल गेला. मी मराठीत सुटले. त्याच्या रजया, त्याची खुर्ची, त्याच्या शहराचा रंग, काही सोडलं नाही. आयुष्यभर 'बाई' ऐकून घेतलं, आणि आता हवंय तर हा माणूस म्हणत नाही, हेही बोलले. त्याला एक शब्द कळला नसणार. पण मागच्या दारातून त्याची आई उठली आणि हळूहळू चालत आली.

"मेहमान इतना नहीं चिल्लाते," ती मुलाला म्हणाली. "कोई बहू भी नहीं चिल्लाती. ये बेटी ही है. चार सौ लगा."

"पर माँसा..."

"चार सौ!"

त्यानं मान खाली घातली. "ठीक है, बाईसा. चार सौ. ट्रक का भाड़ा अलग."

ऑर्डर वाचली होती. शहाण्या माणसानं तिथं थांबायला हवं होतं. पण मी सरळ म्हातारीकडे वळले. "माँसा, बेटी को बिदा करते हैं, तो गाड़ी का पैसा मायकेवाले देते हैं ना?"

म्हातारीनं चष्मा सारखा केला.

"अब इतनी भी बेटी नहीं है तू," ती म्हणाली.

भाडं मी दिलं.