हमीदचाचा आणि डॉक्टरांची डिक्की

हमीदचाचांच्या दुकानात गाडी नेली की ते पहिल्यांदा गिऱ्हाईकालाच कामाला लावायचे. "आधी मले बिघडवून दाखवा," म्हणायचे. अकोल्यात वाशिम बायपासला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. बिघाड डोळ्यांसमोर घडल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. घाईतल्या लोकांना याचा राग यायचा. मलाही आला होता.

मी तेव्हा शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगाव सभा घेत होते. पिकांना पाणी द्यायला माणसानं अंधारात साप-विंचवांत उभं राहायचं आणि दिवसाची वीज दुसऱ्यांनी वापरायची, हे मला आजही संतापजनक वाटतं. अकोल्याच्या एका हाडांच्या डॉक्टरांना ते पटायचं. रविवारी ते आपली मोठी गाडी आणि ड्रायव्हर प्रवीणदादा आम्हाला द्यायचे. त्या गाडीची मागची डिक्की बटण दाबलं की आपोआप उघडायची. खेड्यातली पोरं आमच्या भाषणापेक्षा डिक्कीलाच जास्त टाळ्या द्यायची.

एका मंगळवारी डिक्की उघडेना. लॉकमधून नुसतं टिक व्हायचं आणि सगळं थंड. शोरूमवाल्यांनी सांगितलं, कोणीतरी जोरानं आपटली आहे, अख्खं लॉक बदला. डॉक्टर चिडले. एक तारखेपासून येऊ नकोस, असं त्यांनी प्रवीणदादाला सांगून टाकलं. सहा वर्षांची नोकरी एका टिकवर गेली.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'कंपनीची लूट, चालकाचा बळी'. लॉक मुळातच निकृष्ट आहे, असा दाखलाही खाली लिहून ठेवला. त्यावर फक्त जाणकार मिस्त्रीची सही हवी होती. ती घ्यायला मी आणि प्रवीणदादा गाडी घेऊन चाचांकडे गेलो.

चाचांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "लीडर, तू तं निकाल लिहून आणला. आता मले तपास तं करू दे."

आत शिरून त्यांनी लॉकचा प्लग काढला आणि बॅटरीवरून दोन वायरी थेट लॉकला लावल्या. खट् करून लॉक सुटलं. म्हणजे लॉक ठणठणीत होतं आणि माझा दाखला तिथेच बाद झाला. मग त्यांनी गाडीतून येणाऱ्या वायरीला मीटर लावलं. बारा व्होल्ट. प्रवीणदादाचा चेहरा पडला. वीजही ठीक, लॉकही ठीक, म्हणजे दोष आपल्याच माथी, असं त्याला वाटलं असावं.

चाचा मात्र खुशीत आले. "मीटर झूठ नाही बोलत, पण त्याले वजन उचलाले लावलं काय कोनं?" त्यांनी जुना हेडलाइटचा बल्ब त्याच वायरीला जोडला. बल्ब कसाबसा लाल झाला. मीटरला चिमूटभर वीज पुरते, लॉकमधली मोटार फिरवायला ओंजळभर लागते, आणि ती कुठेतरी अडत होती.

मग त्यांनी प्रवीणदादाला डिक्की हातानं सावकाश वरखाली करायला सांगितली आणि मला गप्प बसायला. दुसरं जास्त अवघड होतं. डिक्की अर्ध्यावर आली की बल्ब क्षणभर लख्ख व्हायचा, पुन्हा मालवायचा. चाचांची बोटं बिजागरीजवळच्या रबरी नळीवर थांबली. आत वायरी होत्या. नळी सोलली तर जाड वायरीचं तांबं तुटून एकच धागा उरला होता. आणि नळीवर बाहेरून आवळल्याचा खोल वळ.

"इथं बांधलं काय तुमी?"

मी वळाकडे पाहिलं आणि कान तापले. बार्शीटाकळीच्या सभेत मंच नव्हता. मीच डिक्की वर करून तिला बॅनर लावला होता. बिजागरीला बाइंडिंगची तार घातली, वारा होता म्हणून पकडीनं पीळ दिला. प्रवीणदादा 'ताई, हळू' म्हणाला होता. मी त्याला चळवळीत हळू चालत नसतं, असं सुनावलं होतं.

चाचांनी वायर जोडली. मग खिशातून माझाच कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी लिहिल्या, बाहेरून तार आवळल्यानं वायर तुटली, लॉक चांगलं आहे, आणि सही केली. तार कोणी आवळली ते लिहिलं नव्हतं. "ते तुह्या तोंडानं सांगजो," म्हणाले. "नाही सांगितलं तं ह्याच्याच नावावर जाईन."

डॉक्टरांनी आधी माझं पत्रक वाचलं, मग कागद उलटला. मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की बाहेर बसलेले प्लास्टरवाले पेशंट आत डोकावले. प्रवीणदादाला त्यांनी तिथेच बोलावून माफी मागितली. गाडी दर रविवारी मिळेल, पण बॅनरशिवाय, असं मला बजावलं. जिन्यावर प्रवीणदादानं विचारलं, "ताई, आता पत्रक कोनाच्या नावानं काढता?"

दुकान आता बंद आहे. चाचा अचलपूरला मुलीकडे राहतात. मध्ये एसटीनं भेटायला गेले तर त्यांनी अर्धी गल्ली गोळा केली. ही आमची लीडर, हिनं आपली चूक आपल्या तोंडानं सांगून एका मानसाची नोकरी वाचवली, असं सांगत सगळी गोष्ट हातवाऱ्यांसकट रंगवली. त्यांच्या सांगण्यात बॅनरची ती तार आता बारा हात लांब झाली आहे. मी तिथे बसून चहा प्यायले आणि हरकत घेतली नाही.