टाकीजवळचा पंप

नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एका मेकॅनिकचं गॅरेज होतं. गाडीचं दुखणं ऐकताना तो डोळे मिटायचा आणि आपलं सांगून व्हायच्या आत निदान करून मोकळा व्हायचा. वर "लिहून घ्या" म्हणायचा.

माझी कार्बोरेटरवाली जुनी गाडी उन्हाळ्यात घाट आला की बंद पडायची. ऑपरेशन झालेल्या आईला हरसूलला न्यायचं होतं, म्हणून मी त्याला पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप बसवायला सांगितलं.

"सर, इंजिनावरचाच पंप नवा टाकतो. इलेक्ट्रिक म्हणजे नुसती फॅशन, लिहून घ्या."

त्यानं तसं केलं आणि माझी खात्री पटावी म्हणून भर दुपारी स्वतः शेजारी बसला. त्र्यंबकेश्वर मागं पडलं, चढ लागला आणि गाडी आचके देत थांबली.

बॉनेट उघडून त्यानं पंपाला बोट लावलं आणि चटका बसताच मागं घेतलं. मग गळ्यातला रुमाल प्यायच्या पाण्यात भिजवून त्यानं पंपाला गुंडाळला.

"इंजिनाच्या तापानं आतल्या पेट्रोलची वाफ होतेय. इलेक्ट्रिक पंप मागं टाकीजवळ, गारव्याला बसतो. चुकलं माझं, सर."

संध्याकाळी त्यानं तो बसवला. चार दिवसांनी आई एकदाही न थांबता हरसूलला पोचली.

पुढं एकदा गॅरेजवर तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "हे सर काही केल्या तयारच नव्हते. मीच इलेक्ट्रिक बसवायला लावला. काय सर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो ना, मीच हट्टी."