टीचरचं कोपर

इथले गूढ अनुभव वाचून मी आजवर गालातल्या गालात हसत आलेय, हे आधीच कबूल करते. बोईसरच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली. जे परीक्षानळीत दिसत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. तरी हे लिहितेय...

१९८४-८५ साल असेल. पालघरला, स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, फिलोमिना टीचर एकट्या राहायच्या. सत्तरीच्या, तोंडाने फटकळ. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे पियानो शिकायला जायचे. नाताळात चर्चमध्ये एक जुनं कॅरल आम्ही दोघींनी एकाच पियानोवर वाजवायचं ठरलं होतं — उजवीकडे टीचर, वरचे सूर. डावीकडे मी, खालचे. सुरुवात त्यांची एकटीची, मग मी शिरायचं. मी हमखास उशिरा शिरायचे. लगेच बरगडीत त्यांचं कोपर बसायचं. "सुलू, गाडी गेली ना तुजी."

दमट हवेने पट्ट्या अडकतात, म्हणून पियानोच्या पोटात कायम पंधरा वॅटचा बल्ब जळत असायचा. नाताळाच्या आधीच्या एका सुट्टीला तो गेलेला. घरात होता तो साठचा मी लावून टाकला — पालघरचं व्होल्टेज ते काय, तिथे साठचाही मिणमिणायचा. टीचरना सर्दी होती. खिडक्या लावून, गोळी घेऊन त्या झोपल्या आणि मी दुपारच्या गाडीला निघाले.

फलाटावरच्या बाकड्यावर बसून मांडीवर बोटं चालवत होते, तर वरचे सूर ऐकू आले. अगदी स्पष्ट. माझ्या जागेशी येऊन थांबले... आणि उजव्या बरगडीत कोपर बसलं. शेजारी कुणी नाही. मनाचे खेळ, म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा इतक्या जोरात लागलं की मी उभीच राहिले. गाडी समोर लागली होती, पुढची दोन तासांनी. स्वतःला शिव्या घालत मी ती सोडली आणि जवळजवळ धावत परत गेले.

दार नुसतं लोटलेलं. आत धूरच धूर. सुट्टीमुळे कारखाने बंद, म्हणून व्होल्टेज चढलेलं. माझ्या साठच्या बल्बला टेकलेला पियानोतला नमदा, म्हणजे लोकरीची जाड पट्टी, धुमसत होता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बटण बंद केलं, टीचरना काखेत धरून बाहेर ओट्यावर ओढत आणलं. त्या हलेनात. माझी पाचावर धारण बसली — आपण माणूस मारलं, एवढंच सुचत होतं. मग त्या खोकल्या.

"टीचर, मघाशी तुम्ही पियानो वाजवत होतात?"

"येडी का तू? मी निजली व्हती ना." मग आतल्या धुराकडे बघून हळूच म्हणाल्या, "आज वेळेवर आली, पोरी."

धुमसणारा नमदा विझवून आले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलेलं नाही. बल्ब मीच लावला होता, हेही सांगून टाकलं. "म्हायती हाय," त्या म्हणाल्या. "उद्या पंधराचा आण."

लाउडस्पीकर, रेडिओ, वाऱ्याची दिशा — मी सगळं तपासून पाहिलं. काहीच जुळलं नाही.

नाताळात आम्ही वाजवलं. टीचर कोपर अंगाशी घट्ट धरून बसल्या होत्या, आणि मी बरोबर माझ्या जागेवर शिरले. फलाटावरचं ते कोपर कुणाचं, मला अजून कळलेलं नाही. कुणाचं का असेना, लागलं ते बरं झालं.