लाल दोऱ्याचं पोतं

पांढऱ्या दोऱ्याच्या कप्प्यातल्या पिलांना मी लाल दोऱ्याच्या पोत्यातलं खाद्य चोरून घातलं, आणि विचारल्यावर खोटं बोललो. चूक सांगायला एवढीशीच आहे. तिच्यामुळे जे झालं ते मात्र अजून माझ्या मागं लागलेलं आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला आमचा टॉवेलचा कारखाना बंद पडला, तेव्हा मी तिथून पुढं माळावरच्या एका वराहपालनाच्या शेडवर कामाला लागलो. पिलांची देखभाल माझ्याकडं होती. आईच्या दुधावरून तोडलेलं पिलू पहिले काही दिवस फार केविलवाणं असतं. खात नाही, हगवण लागते, भावंडांच्या अंगावर चढून कोपऱ्यात पडून राहतं. वरचा पत्रा तापला की त्यातली काही उठतच नाहीत.

त्या वर्षी एक तरुण पशुवैद्यक मॅडम आल्या. शिक्षणाचा शेवटचा भाग म्हणून त्यांना आमच्याकडं प्रयोग करायचा होता.

"काका, पिलू आईपासून तुटलं की त्याच्या अंगात जाळ होतो," त्यांनी मला समजावलं. "ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. बाहेरून दिसत नाही, पण आतडं होरपळतं. तो विझवायचं सामान शरीर स्वतःच तयार करतं. त्याला कच्चा माल लागतो, तो ह्या पावडरीत आहे. अमिनो आम्लं."

पावडरीला उकडलेल्या कोबीसारखा वास होता. शेड धुणाऱ्या मावशींनी नाकाला पदर लावला. "डुकराला टॉनिक, अन् आमाला चा बी न्हाय. मॅडम, आमच्या आंगात बी लई जाळ हाय की."

"तुमच्यावर पावडर चालायची नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या, आणि मावशीच आधी हसल्या.

मॅडमनी एकसारखी पिलं निवडून दोन कप्पे केले. लाल दोऱ्यानं शिवलेल्या पोत्यात पावडर मिसळलेलं खाद्य, पांढऱ्या दोऱ्याच्या पोत्यात साधं. दर आठवड्याला त्या पिलांची वजनं घ्यायच्या, रक्त घ्यायच्या. मधल्या दिवसांत खाद्य घालायचं काम माझं. "अदलाबदल होऊ देऊ नका, एवढंच बघा," असं त्या प्रत्येक वेळी जाताना सांगायच्या.

थोड्याच दिवसांत फरक दिसायला लागला. लाल कप्प्यातली पिलं मला बघितलं की खाद्याच्या कुंडीवर तुटून पडायची, आरडाओरडा करायची. पांढऱ्यातली मान खाली घालून उभी राहायची. त्यांच्यात एक फाटक्या कानाचं होतं. ते कुंडीशी यायचं, हुंगायचं आणि तसंच परत जायचं. मला ते बघवेना. मी लाल पोत्यातलं मूठभर खाद्य त्याच्यापुढं टाकलं. दुसऱ्या दिवशी बाकीचीही धावली. एकट्याला कसं देणार? मग सगळ्यांनाच घालू लागलो. लाल पोतं लवकर उतरायला लागलं, तसं कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून त्यात पांढऱ्यातलं मिसळलं. पिलं सावरली. मला वाटलं, मी पुण्य करतोय.

शेवटी दोन्ही कप्प्यांची वजनं जवळजवळ सारखी भरली. रक्तातही फरक नाही. मॅडम पालथ्या बादलीवर बसून पुन्हा पुन्हा आकडे तपासत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "काका, खाद्यात काही गडबड तर झाली नाही ना?"

"न्हाय मॅडम. तुमी सांगिटलं तसंच घातलं की."

मालक शेजारीच उभे होते. नोकरी जाईल एवढंच माझ्या डोक्यात होतं. मालक म्हणाले, "पावडरीनं काय होत नसतंय मॅडम. कोंडा घाला, भागतंय." मॅडमनी वही मिटली. सामान आवरून गेल्या, परत आल्या नाहीत. उरलेली पावडर मालकांनी परत पाठवली.

पुढच्या उन्हाळ्यात दुधावरून तुटलेली पिलं साध्या खाद्यावर राहिली. ती मान खाली घालून उभी राहिली, मग आडवी झाली. शेडच्या मागं खड्डा खणून त्यांच्यावर चुना टाकायचं काम माझंच होतं. मी मालकांना म्हटलं, "पावडर मागवून बघू का?" ते म्हणाले, "त्या पावडरीनं फरक पडत न्हाय हे आपल्याच शेडवर ठरलंय की." त्यावर मला बोलता आलं असतं. मी फावडं उचललं.

पावडर असती तर सगळी जगली असती असं मी म्हणत नाही. किती जगली असती हे कुणालाच कळणार नाही, हेच मला खातं. घरी कोबी शिजत असला की मी बाहेर जाऊन बसतो. बायकोला वाटतं, मला भाजी आवडत नाही. कधी रस्त्यानं चालताना मागं कुंडीशी हुंगल्यासारखा आवाज येतो. वळून बघतो तर काही नसतं.

मागच्या वर्षी मोडनिंबचा एक माणूस पिलं न्यायला आला. त्यांच्या गावात मॅडमनी जनावरांचा दवाखाना टाकल्याचं त्याच्याकडून कळलं. "लई हुशार बाई," तो म्हणाला. "पर म्हणत्यात, 'संशोधन आपल्याला जमलं न्हाय. वजनं घेण्यातच कायतरी चुकलं माझं.'"

इतकी वर्षं त्या स्वतःलाच दोष देत होत्या. मी पुढच्या सुट्टीला मोडनिंबला गेलो.

मॅडम म्हशीला सलाईन लावून हात धूत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. "काका, बसा की. चहा सांगते."

मी उभाच राहिलो. "मॅडम, तुमची वजनं बरोबर हुती. पांढऱ्या कप्प्याला मी लाल पोत्यातलं घालत हुतो. अन् लालमदी पांढरं मिसळत हुतो."

त्यांनी नळ बंद केला. ओल्या हातांनीच त्या माझ्याकडं वळल्या. "का?"

"ती पिलं बघवत नव्हती."

"मला सांगितलं असतं ना, काका. दुसरी पिलं घेऊन परत सुरू केलं असतं."

"व्हय मॅडम. नोकरीच्या भ्यानं खोटं बोललो. तुमचं काम खरं हुतं, ते मी खोटं पाडलं. अन् त्यापायी मागनं पिलं बी गेली. माझं चुकलं. मला माफ करा."