दगडी बाईची ओटी

"पाय बघून टाक गं," असं ताई कुठेही म्हणायच्या. ऑफिसच्या लिफ्टपाशी, मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर, अगदी इथे आखातात, अल नहदाच्या आमच्या इमारतीखालच्या कोरड्या ठणठणीत पार्किंगमध्येसुद्धा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला संकट इतरांच्या आधी दिसतं.

आम्ही दोघी एकाच इमारतीत राहायचो आणि सिलिकॉन ओएसिसमधल्या एकाच कंपनीत अकाउंट्सला होतो. रोज एकत्र जायचो. गाडी माझी, भीती त्यांची. चांगलं काही बोलायची वेळ आली की त्या आधी "इन्शाल्ला" म्हणायच्या आणि लगेच "गणपती बाप्पा" जोडायच्या. मी हसले तर म्हणायच्या, "हसतेस काय? एक कामात असला तर दुसरा ऐकेल."

त्यांची एकुलती एक लेक इंग्लंडात होती. तिला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा बाळ पोटातच गेलं होतं. तिसऱ्या खेपेला पाचवा महिना चालू असताना कंपनीने आम्हा दोघींना ट्रेनिंगसाठी नेमकं तिच्याच शहरात पाठवलं. ताई त्यालाही घाबरल्या. "सगळं इतकं जुळून आलं की मला धडकीच भरते," त्या विमानात म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही शहराच्या मधोमध असलेलं जुनं चर्च बघायला गेलो. एका बाजूला बसस्टॉप, दुसऱ्या बाजूला चपलांचं दुकान, आणि मध्ये हे मध्ययुगातलं काळवंडलेलं दगडी चर्च. दारातच ताई बूट काढायला वाकल्या.

"ताई, इथे बूट काढत नाहीत."

"तू घाल हो देवाच्या दारात. मी काढते."

मग मीही काढले. फरशी इतकी गार होती की पाय बधिर झाले. थोडं पुढे गेल्यावर ताई एकदम एका पायावर उभ्या राहिल्या.

"अगं, ही नावं आहेत! खाली माणसं आहेत!"

खरंच होतं. जमिनीतला जवळजवळ प्रत्येक दगड म्हणजे कुणाचं तरी थडगं होतं. लोक त्यावरून खुशाल चालत होते. आम्ही मात्र लंगडी खेळावी तशा, कोरा दगड शोधत भिंतीच्या कडेने निघालो. मला आधी हसू येत होतं. पण त्या उंच खांबांमधल्या शांततेत ते हळूहळू विरून गेलं.

एका कोनाड्यात दगडाची बाई निजली होती. हात जोडलेले, नाक झिजलेलं, पायाशी कुत्रं, कुशीत गाठोड्यासारखं काहीतरी. ताई तिच्यापुढे थांबल्या त्या थांबल्याच.

"देवी आहे गं," त्या कुजबुजल्या. मला तरी कुठे ठाऊक होतं! पर्समधल्या करंड्यातून त्यांनी चिमूटभर हळदकुंकू तिच्यापुढे वाहिलं आणि डोळे मिटले. "माझ्या लेकीची सुखरूप सुटका होऊ दे. खणानारळाने तुझी ओटी भरीन."

चर्चची माहिती सांगणाऱ्या एक वयस्कर बाई लगबगीने आमच्याकडे आल्या. आता ओरडणार, असं मला वाटलं. पण त्या कौतुकाने सांगू लागल्या. ही इथल्या एका जुन्या व्यापाऱ्याची बायको. बाळंतपणात गेली. कुशीतलं गाठोडं म्हणजे तिचं बाळ. दोघंही याच दगडाखाली आहेत.

ताईंना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. त्या "थँक यू" म्हणाल्या आणि त्यांनी भिंत धरली. बाहेर बूट घालता घालता त्यांनी मला विचारलं,

"मी कुणाकडे मागितलं गं?"

परत आल्यावर पुढचे महिने आमच्या गाडीत हा एकच प्रश्न होता. ओली बाळंतीण गेली की ती पोटुश्या बायकांना छळायला परत येते, हे त्यांनी गावाकडे लहानपणापासून ऐकलं होतं. लेकीला त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. "ताई, तो दगड आहे," मी म्हणायचे. पण खोटं कशाला बोलू, त्यांची भीती मलाही लागली होती. त्यांचा फोन वाजला की स्टिअरिंगवर माझे हात आवळले जायचे.

एका सकाळी रास अल खोरपाशी तो वाजला. जावई होता. दिवस भरायच्या आधीच लेकीला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं आणि बाळाचे ठोके मंदावत होते. मी गाडी पेट्रोल पंपावर घेतली. ताई रडल्या नाहीत. त्यांनी हात जोडले. मला वाटलं, आता बाप्पाचं नाव घेतील.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुझं अडलं होतं. कुठे अडतं ते तुलाच माहीत. माझ्या लेकीला तिथून पुढे काढ."

मागचा गाडीवाला हॉर्न देत होता, "यल्ला मॅडम, यल्ला!" ताईंनी काच खाली केली. "भाईसाब, दो मिनट. बेटी की डिलिव्हरी है." तो गाडीतून उतरला आणि पाण्याची बाटली देऊन गेला.

दुपारी नात झाली. दोघी सुखरूप.

मग नवी भीती सुरू झाली, नवस फेडायचा राहिलाय ही. हिरवा खण आणून ठेवला, व्हिसाचा अर्ज केला. व्हिसा यायच्या आत एके दिवशी ऑफिसात त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं, ते उचललंच नाही. इतकी जपून पाय टाकणारी बाई अशी बसल्या जागी जाते, हे मला अजून पटलेलं नाही.

पुढच्या ट्रेनिंगला खण मी घेऊन गेले. नारळ तिथल्या इंडियन दुकानात मिळाला. लेक नातीला घेऊन चर्चच्या दारात आली. सगळी हकीकत मी तिला आदल्या दिवशीच सांगितली होती. आईच्या असल्या गोष्टींना ती नेहमी हसायची. या वेळी तिने मुकाट्याने बूट काढले, मुलीचेही काढले, आणि आम्ही भिंतीच्या कडेने निघालो.

पोर नुकतीच चालायला लागली होती. आईचा हात सोडवून ती मधूनच धावत सुटली, साऱ्या नावांवरून, अनवाणी.

"पाय बघून—" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आणि दोघीही थांबलो.

तोवर ती पोहोचली होती. दगडी बाईच्या कुशीतल्या बाळावर हात ठेवून ती आमची वाट बघत उभी होती.